एफसी-150 पेट्रोल: ग्वाल्हेरच्या थंडीत सकाळी लागत नाही. चोक, करंट की पेट्रोल?

जुना_लष्कर
नमस्कार मंडळी. महिंद्राची एफसी-150 (जुना छोटा ट्रक) आहे, हरिकेन पेट्रोल इंजिन, हाताने ओढायचा चोक. दुपारी अर्ध्या सेल्फमध्ये लागते. पण पारा 6-7 अंशांवर आला आणि धुकं पडलं की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. मधेच एखाद-दोन भडके देते आणि पुन्हा गप्प. चोक पूर्ण ओढून, पॅडल मारूनही फरक नाही. शेवटी ढकलून लावावी लागते. लागली की थोडा वेळ काळा धूर, नंतर दिवसभर ठणठणीत. प्लग नवे आहेत, पाइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) घासलेले आहेत. ट्रान्सपोर्ट नगरात एकाने कार्बोरेटर बदला म्हटलं, दुसऱ्याने इंजिन खोला. खर्चात पडण्याआधी घरी काय तपासता येईल?

कार्टर_वायएफ
इंजिन खोलायचं नाव आत्ता काढूच नका. गरम झाल्यावर नीट ओढणाऱ्या गाडीचा थंडीतला दोष बहुतेक वेळा चोकच्या पाकळीत, नाहीतर बॅटरीच्या जाड वायरीत निघतो.

सकाळी पहिलं काम हे: चोक पूर्ण ओढा, 10 सेकंद सेल्फ मारा, लागली नाही तर लगेच चारही प्लग काढून बघा. कोरडे असतील तर पेट्रोल पोचत नाहीये. ओले असतील तर पोचतंय, पण जळत नाहीये. हे कळल्याशिवाय पुढचा कुठलाही स्क्रू फिरवू नका.

मग कार्बोरेटर कोणता आहे ते बघा. मूळ कार्टर कंपनीच्या कार्बोरेटरला तोंडाशी पाकळी असते, चोक ओढला की ती हवा बंद करते. या गाड्यांवर पुढे कित्येकदा सोलेक्स चढवलेला असतो, आणि काही सोलेक्समध्ये पाकळीच नसते. थंडीच्या स्टार्टसाठी बाजूला वेगळी चकती असते. दोघांची रीत उलटी आहे. पाकळीवाल्याला सेल्फच्या आधी पॅडल दोनदा पूर्ण दाबायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या पंपातून थोडं पेट्रोल आत पडतं, आणि मग पाय काढून सेल्फ. चकतीवाल्याला पॅडलला अजिबात हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. तो मार्ग बंद थ्रॉटलखालच्या (पॅडलने उघडणाऱ्या झडपेखालच्या) ओढीवर चालतो. पॅडल दाबलं की ओढ गेली आणि चोक असून नसल्यासारखा.

पाकळीवाला असेल तर एअर क्लीनर उतरवा, केबिनमधला नॉब कुणाला तरी पूर्ण ओढायला सांगा आणि वरून बघा. पाकळी भिंतीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर आधी केबलचं वरचं आवरण जिथे क्लिपमध्ये धरलंय तिथे बघा. तो स्क्रू ढिला असला की नॉब ओढल्यावर आतल्या तारेऐवजी आवरणच सरकतं, आणि केबिनमध्ये मात्र चोक पूर्ण ओढल्यासारखा वाटतो. नॉब आत ढकला, पाकळी सरळ उभी करा, नॉबला 1-2 मिमी ढील ठेवून तार घट्ट करा. चोक ओढल्यावर थ्रॉटलही किंचित उघडला पाहिजे, त्याची दांडी जोडलेली आहे ना तेही बघा. नसेल तर भडका देऊन बंद पडण्याचं कारण तिथेच आहे.

पाइंट_प्लग
वरचं बरोबर, पण प्लग ओले म्हणजे पेट्रोल जास्त, असं लगेच समजू नका. करंट कमजोर असला तरी प्लग ओलेच निघतात.

मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.5 च्या आसपास हवी. सेल्फ मारताना बॅटरीच्याच टोकांवर 9.6 व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मग बॅटरीचं अर्थवालं टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरून सेल्फ मारा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी खराब. जुन्या गाड्यांना रंग मारताना पट्टीखालीही रंग बसतो. दुपारी तेवढ्यावर भागतं, सकाळी तेल घट्ट असतं तेव्हा सेल्फ जास्त करंट मागतो आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या वाट्याला काही उरत नाही. त्यामुळेच ढकलल्यावर लागते, कारण तेव्हा सेल्फ मधे नसतो.

पाइंट नुसते घासून चालत नाही, गॅप बघा. लुकासचा डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना करंट वाटणारा) असेल तर 0.35 ते 0.40 मिमी, प्लगला 0.75 मिमी. फायरिंगचा क्रम 1-3-4-2, ठिणगीचं टायमिंग पिस्टन वर पोचण्याच्या 5 अंश आधी. धुक्याच्या दिवशी डिस्ट्रिब्युटरचं टोपण आतून कोरड्या कापडाने पुसा. त्यात केसासारखी काळी रेघ दिसली तर टोपण बदला, ती रेघ पुसून जात नाही. आणि तेल 20डब्ल्यू-50 असेल तर हिवाळ्यापुरतं 15डब्ल्यू-40 घाला.

जुना_लष्कर
दोघांचेही आभार. तपासलं. कार्बोरेटर पाकळीवालाच आहे. चारही प्लग ओले. नॉब पूर्ण ओढूनही पाकळीला 3-4 मिमी फट राहते, आवरण सरकताना डोळ्यांना दिसलं. बॅटरी 12.5, सेल्फवर 8.8. ब्लॉकच्या अर्थवर 1.1 व्होल्ट. एक समजलं नाही: चोक नीट बंदच होत नाही, म्हणजे पेट्रोल कमी पडायला हवं. मग प्लग ओले कसे?

कार्टर_वायएफ
पॅडलमुळे. थंडीत पेट्रोलचा फक्त हलका भागच वाफ होतो, बाकीचं थेंब होऊन भिंतींना चिकटतं. पाकळी पूर्ण मिटली की ओढ वाढते, पेट्रोल भरपूर येतं, आणि त्यातली थोडी वाफही पेट घ्यायला पुरते. फट राहिली की ओढ नाही, म्हणून तुम्ही पॅडल मारत राहता, पंप धार सोडतो, आणि ती धार थेंबांच्या रूपातच प्लगवर जाते. वर ठिणगी अशक्त. म्हणजे वाफ कमी आणि प्लग ओले, दोन्ही एकाच वेळी.

आधी अर्थ: पट्टीची दोन्ही टोकं सोडवा, पट्टी आणि चासी चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस. मग केबल. त्यानंतर रीत अशी: चोक पूर्ण, पॅडल दोनदा, पाय बाजूला, 10 सेकंदांहून जास्त सेल्फ नाही, मधे अर्धा मिनिट विसावा. पकडली की लगेच चोक एक तृतीयांश आत, आणि इंजिन जसं मोकळं होईल तसा उरलेला. प्लग भिजलेच तर चोक पूर्ण आत, पॅडल तळाला दाबून तसंच धरून ठेवा (पुन्हापुन्हा मारायचं नाही) आणि सेल्फ मारा; हवेने सिलिंडर सुकतात. या घोळात पेट्रोल तेलात उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर तेल बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.

टॅपेट_कव्हर
थोडी भर. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळही होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून थंडीत चोक पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ लागणारच. गाडी महिनाभर उभी राहत असेल तर पेट्रोल शिळं होतं, हलका भाग उडून जातो. तेव्हा टाकीत थोडंच ठेवा. रबरी पाइप मऊ किंवा चिकट लागत असतील तर इथेनॉल चालणारे घाला. एफसीचं इंजिन केबिनच्या आत कव्हरखाली असतं, गळकं पेट्रोल थेट तुमच्या सीटखाली जमतं, म्हणून हे उद्यावर टाकू नका.

अर्थ आणि केबल दोन्ही नीट करूनही सकाळी त्रास राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा, थंड इंजिनवर: इन्टेक 0.018 इंच, एक्झॉस्ट 0.016 इंच. या इंजिनात इन्टेक वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये आहे. खालचे बाजूच्या झाकणातून करावे लागतात, त्यामुळे बरेच जण वरचे करून सोडून देतात. एक्झॉस्ट घट्ट राहिला की कॉम्प्रेशन गळतं. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन गेज लावा. चारही सिलिंडर 120 पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांत 10 च्या आत असतील तर इंजिन खोला म्हणणाऱ्याला सरळ नाही सांगा.