समुपदेशनाने नेमकं काय बदललं? (अनुभव धागा)

"समुपदेशनाला गेले, बरं वाटलं" एवढं सांगून आपण थांबतो. ज्याला जायचंय पण धीर होत नाही, त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. तिथे काय करायला लावलं, घरी काय बदललं, ते लिहा. नाव नको तर नको.

माझ्यापासून सुरुवात. गॅसचं बटण बंद आहे ना, हे मी रात्री दहा-बारा वेळा बघायचे. घरचे मंत्रचळ म्हणायचे, डॉक्टरांनी ओसीडी सांगितलं, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. गोळ्यांबरोबर थेरपिस्टने गृहपाठ दिला: एकदाच बघायचं, दिवा मालवायचा, परत जायचं नाही. जीव किती घाबरा होतोय, त्याला शंभरपैकी गुण देऊन दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचे. पहिल्या रात्री ९०. पाऊण तासाने ४०. बटणाला हात न लावता भीती उतरली होती! वही छातीशी धरून रडले. "अगं, बंद आहे" असं सांगायचं नाही, हे नवऱ्यालाही शिकवलं. त्याने तसं सांगणं म्हणजेही माझं पुन्हा बटण बघणंच होतं. आता एकदा बघते, फार ताण असला तर दोनदा.

एमपीएससीवाला: तिसऱ्यांदा नापास झाल्यावर गेलो. समुपदेशकांनी माझी वाक्यं कागदावर लिहून प्रत्येक 'च'भोवती गोल काढला. 'पास व्हायलाच पाहिजे.' 'बाबांना तोंड दाखवूच शकत नाही.' अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत. 'च' काढून वाक्य पुन्हा म्हणायचं. अभ्यास तेवढाच करतो, पण रात्री झोप लागते.

नाव नको: दारू नवऱ्याची, पण समुपदेशन माझंही झालं. "साहेब, यांना ताप आलाय" असा फोन मी त्याच्या ऑफिसात वर्षानुवर्षं करत होते. तो बंद केला. फोन त्याच्या हातात देताना माझेच हात थरथरत होते.

शेतमळा: वाचतोय सगळं. भाऊ गेल्यापासून मला काही सुचत नाही. तालुक्याला असं कुणी नाही.

एमपीएससीवाला: दादा, १४४१६ लावा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

शेतमळा: काय सांगायचं पहिल्यांदा?

नाव नको: भाऊ गेला, एवढंच म्हणा. पुढचं ते विचारतात.