रात्रपाळीत नेमकं कधी जेवावं? डबा तोच, साखर वेगळी

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं पाळ्यांचं काम करतेय. महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. वय ४१, वजन बेताचं, घरात कुणाला मधुमेह नाही. तरी परवाच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात, जेवणाच्या वेळा पाळा." रात्रपाळीत त्या कशा पाळायच्या हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलाही होता.

मग घरी ग्लुकोमीटर होतं, त्यावर एक उद्योग केला. तोच डबा, तेवढाच, एकदा दुपारी एकला खाल्ला आणि एकदा रात्री दोनला. दोन तासांनी बोट टोचलं. दुपारी १३२, रात्री १७८! योगायोग असेल म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा करून पाहिलं, फरक जवळपास तेवढाच.

वाचून एवढं समजलं की मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, पण यकृत आणि स्वादुपिंडाची घड्याळं वेगळी, आणि यकृताचं तर जेवणाच्या वेळेप्रमाणे सरकतं. रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, वाढलेलं असताना स्वादुपिंडातून साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिनही कमी सुटतं. म्हणजे मी डबा उघडते तेव्हा स्वादुपिंड पेंगत असतं म्हणायचं.

मग रात्रभर काहीच खाऊ नये का? पहाटे चारला मला अक्षरशः थरथरायला होतं, बिस्किटं खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी रात्री झोपायचं की पाळीचीच वेळ चालू ठेवायची? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मीही बरीच वर्षं रात्रपाळी केली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ जणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं होतं. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. माणसं थोडी आहेत, पण तुमच्या आकड्यांशी जुळतंय. मी पाळीवर निघण्याआधी पोटभर जेवायचो आणि मध्यरात्रीनंतर अगदीच लागलं तर किरकोळ काहीतरी. तुम्हाला साखर कमी करायची गोळी सुरू झाली असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका.

सुट्टीच्या झोपेचं मलाही कधी जमलं नाही, ते दुसरं कुणी सांगेल.

थरथर आली की बिस्किटाआधी बोट टोचा. ७० च्या खाली असेल तर लगेच खा. नसेल तर स्वेटर घालून बघा. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. मी कित्येक महिने त्या थंडीलाच भूक समजत होतो.