सोलोवाल्यांनो, तुमचा सोलो अजून उडतो का? (अनुभव आणि दुरुस्ती)

चौपंखी
सोलोच्या बॅटरीवरचे चार दिवे आज फार दिवसांनी लागलेले दिसले आणि २०१५ साल डोळ्यांपुढे आलं, म्हणून हा धागा.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. थ्रीडीआर या कंपनीने सोलो हा चार पंख्यांचा ड्रोन जाहीर केला एप्रिल २०१५मध्ये. लिनक्सवर चालणारा एक कॉम्प्युटर ड्रोनमध्ये, दुसरा रिमोटमध्ये, आणि गोप्रो कॅमेऱ्याचं चित्र थेट फोनवर. पुढच्याच वर्षी कंपनीने हौशी लोकांसाठीचे ड्रोन बनवणं थांबवलं आणि ती बांधकाम-सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरकडे वळली. तरीही सोलो उडतोय, कारण त्याच्या पोटात आर्डुपायलट हे ड्रोन उडवणारं खुलं सॉफ्टवेअर आहे आणि वरचा बराचसा कोड कंपनीने खुला करून ठेवला. त्यातूनच ओपनसोलो हे सोलोसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी लिहा: काय बिघडतं, का बिघडतं, काय बदललं. सुरुवात मी करतो.

बरेच महिने पडून असलेला सोलो थेट उडवायचा नाही. आधी चारही पंखे काढा. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने दाबा. डुगडुगली तर फुगली आहे, ती बाद. मोटरी एकेक करून हाताने फिरवा. चारींचा आवाज आणि ओढ सारखी हवी. एखादी खरखरली तर बेअरिंगमध्ये माती किंवा गंज. मग लेव्हल आणि कंपास कॅलिब्रेशन, तेही उघड्यावर, लोखंडी फाटक आणि गाड्यांपासून लांब. खिशातला फोन आणि किल्ल्यासुद्धा बाजूला ठेवा. त्यानंतरच पंखे: चंदेरी खुणेचे चंदेरी खुणेच्या मोटरवर, काळे काळ्यावर. पहिलं उड्डाण दोन मिनिटं, तीन मीटरवर, जागच्या जागी. उतरवून लगेच चारही मोटरींना बोट लावा. एकच बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर पुढे उडवू नका.

लिपोवाली
वा, अगदी वेळेवर धागा. इस्त्री आटोपली की बॅटरीचं सविस्तर लिहिते. तोवर एकच: कोणीही जुनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

तारेवरची_कसरत
ड्रोन दिसतो पण फोनवर चित्र येत नाही, असं दहापैकी आठ जण विचारतात. बहुतेक वेळा बिघाड ड्रोनमध्ये नसतोच.

रिमोट स्वतःच वाय-फाय पसरवतो (सोलोलिंक आणि पुढे काही अक्षरं). ड्रोन आणि फोन दोघंही त्याला जोडले जातात. रिमोटचा पत्ता १०.१.१.१, ड्रोनचा १०.१.१.१०. या वाय-फायवर इंटरनेट नसतं, त्यामुळे आताचे फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतात. उपाय: मोबाइल डेटा बंद, वाय-फाय आपोआप बदलण्याची सेटिंग बंद, आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का' असं विचारलं की हो म्हणा.

गोप्रोचं स्वतःचं वाय-फायही बंद ठेवा. तेही २.४ गिगाहर्ट्झवर, सोलोही २.४वर, अगदी शेजारी बसून गोंगाट करतं.

रिमोटच्या अँटेनांचं टोक ड्रोनकडे रोखू नका. टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो. दोन्ही उभ्या, एकमेकींना समांतर, चपटी बाजू ड्रोनकडे.

पत्र्याची_पेटी
पेअरिंग गेलं तर? बटण सापडत नाहीये.

तारेवरची_कसरत
@पत्र्याची_पेटी बॅटरी बसते त्या खोबणीत बारीक भोक आहे, कागदाची पिन घालून दाबा. रिमोट थरथरेल आणि विचारेल, तेव्हा ए आणि बी दोन्ही दाबून धरा. दोघांचं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीचं हवं. फक्त रिमोट अपडेट केला आणि ड्रोन राहिला, की रखडतं.

लिपोवाली
आले. आता बॅटरी.

सोलोची बॅटरी १४.८ व्होल्ट, ५२०० एमएएच, चार सेल. पूर्ण भरलेली १६.८ व्होल्ट, म्हणजे सेलला ४.२. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) आणि कॅमेऱ्यासह नवी बॅटरी साधारण २० मिनिटं द्यायची. हिशेब करा: ५२०० एमएएच २० मिनिटांत संपतात म्हणजे सरासरी १५ अँपिअरच्या वर प्रवाह. सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो. सेलमागे १० मिलिओहम जरी वाढला तरी १५ अँपिअरला ०.१५ व्होल्ट पडतात, चार सेलचे मिळून ०.६. टक्के ४० दिसत असतात आणि व्होल्टेज मात्र तळाला गेलेलं असतं. म्हणून जुन्या बॅटरीला टक्क्यांवर विश्वास ठेवून उडवू नये. ॲपमध्ये व्होल्टेज दिसेल असं ठेवा आणि उडतानाच १४.० दिसलं की उतरवायला घ्या.

साठवण ४०-५० टक्क्यांवर, सेलला ३.८ ते ३.८५. भरून ठेवलेली बॅटरी फुगते, रिकामी ठेवलेली मरते. दर दोन महिन्यांनी एकदा बघा, कारण आतलं सर्किट स्वतःसुद्धा थोडं थोडं खात असतं.

एकही दिवा न लागणारी बॅटरी: पॅक उघडता येणाऱ्यांनीच पुढचं वाचा. प्रत्येक सेल वेगळा मोजा. एकही २.५ व्होल्टच्या खाली असेल तर तो पॅक संपला, जीव लावू नका. सगळे त्याच्या वर असतील तर बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणारा चार्जर) ०.५ अँपिअरने, उघड्यावर, फरशीवर, समोर बसून, प्रत्येक सेल ३.२च्या वर येईपर्यंत. सेल कोमट जरी झाला तरी थांबवा. नंतर नेहमीचा चार्जर. भरल्यावर एक दिवस ठेवून पुन्हा मोजा, सेलांमध्ये ०.१ व्होल्टहून जास्त फरक पडला तर तो पॅक उडवायचा नाही.

सेल बदलणाऱ्यांसाठी: बऱ्याच स्मार्ट बॅटऱ्यांचं सर्किट सेल तोडल्याक्षणी वीज गेली म्हणून स्वतःला कुलूप लावून घेतं. नवे सेल आधी समांतर जोडून घ्यायचे आणि मग जुने सोडवायचे. समांतर जोडण्याआधी दोन्हींचं व्होल्टेज अगदी सारखं करा, नाहीतर एकातून दुसऱ्यात धो-धो प्रवाह जातो.

निळी_छत्री
+१. आणि बाद बॅटरीचं काय करायचं तेही सांग ना ताई. मिठाच्या पाण्यात टाकायचं म्हणतात.

लिपोवाली
@निळी_छत्री मिठाच्या पाण्यावर माझा भरवसा नाही. आधी कनेक्टरचे टॅब गंजून तुटतात आणि सेलमध्ये चार्ज तसाच अडकून राहतो. १२ व्होल्टचे, २१ वॉटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडा आणि बॅटरी चालू करून त्यांवर रिकामी करा, बाहेर, वाळूच्या बादलीजवळ. भरलेल्या पॅकला तीन-चार तास लागतात. आतलं सर्किट मध्येच बंद करेल, तेवढं पुरे. मग टोकांना चिकटपट्टी आणि ई-कचऱ्यात. टोचायची किंवा कापायची मात्र कधीच नाही.

गिरकी
बॅटरीवरून आठवलं, ती 'टक' आवाज करून बसली तरी मागे फट राहिलीय का ते बोटाने चाचपा. आदळत उतरवल्यावर कुंडी सैल होते आणि बॅटरी मागे सरकते. एक इंचाचा वेल्क्रो पट्टा धडाभोवती आवळला की प्रश्न मिटतो. पट्टा वरच्या जीपीएसच्या झाकणावरून नेऊ नका.

कोरा_कागद
ग्रीन क्यूबबद्दल (क्यूब म्हणजे ड्रोनचं उड्डाण सांभाळणारा छोटा डबा) सगळे बोलतात, पण तो लागतोच का? मूळ क्यूबवर नवं आर्डुकॉप्टर (आर्डुपायलटचं असल्या ड्रोनसाठीचं फर्मवेअर) टाकलं तर काय होतं?

चौपंखी
@कोरा_कागद जीव तोडून सांगतो, ते करू नका.

सोलोच्या मोटरींचे ईएससी (मोटरचा वेग ठरवणारी सर्किटं) ५ व्होल्टच्या सिग्नलसाठी बनवलेले. मूळ क्यूब मात्र ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो. ३.३ हा ईएससीच्या 'चालू' ओळखण्याच्या सीमेजवळच पडतो, वर थोडा गोंगाट आला की ईएससीला आज्ञा कळत नाही आणि मोटर हवेत थांबते. चारपंखीत एक मोटर थांबली की ड्रोन गेलाच. कंपनीचं जुनं फर्मवेअर मूळ क्यूबवर ठेवा, आर्डुकॉप्टर ३.५ आणि पुढचं हवं असेल तर ५ व्होल्ट सिग्नलचा ग्रीन क्यूब घाला.

क्रम असा. मिशन प्लॅनर (ड्रोनच्या सेटिंग आणि लॉग बघायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) सोलोलिंकवरून यूडीपी १४५५० पोर्टवर जोडा आणि सगळे पॅरामीटर फाइलमध्ये उतरवून ठेवा. ही फाइल फक्त बघायला. नव्या क्यूबवर ती अख्खी चढवू नका, कारण कंपास आणि ॲक्सेलरोमीटरचे ऑफसेट त्या त्या क्यूबचे असतात. मग रिमोट आणि ड्रोन दोन्ही मूळ अवस्थेत आणा, दोन्हींवर ओपनसोलो चढवा. त्यानंतर बॅटरी काढून क्यूब बदला. क्यूब खालच्या बोर्डाशी ८० पिनांच्या एका कनेक्टरने जोडलेला आहे. सरळ वर उचला. तिरका ओढलात की पिना वाकतात. बसवतानाही आधी जुळवा, मग अंगठ्याने सगळीकडे सारखा दाब.

पहिल्यांदा चालू केल्यावर ड्रोनमधला कॉम्प्युटर क्यूबवर फर्मवेअर लिहायला घेतो. काही मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. बॅटरी काढू नका! बहुतेकांचं इथेच फसतं. ते झालं की कॅलिब्रेशन: ॲक्सेलरोमीटर सहाही बाजूंनी, मग लेव्हल, मग कंपास.

कोरा_कागद
इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

मधली_सुट्टी
थोडं अवांतर: ड्रोनला मराठीत चांगला शब्द काय? इंग्रजीत मुळात नर मधमाशी.

गिरकी
@मधली_सुट्टी 'चौपंखी' आहे की, धागाकर्त्याचंच नाव! टायफून एच या सहा पंख्यांच्या ड्रोनसाठी मग 'सहापंखी'.

उघडा_माळ
जीपीएसबद्दल कोणीच लिहिलं नाही. सोलोचा मोठा दुखरा भाग तोच.

गोप्रोची एचडीएमआय केबल आणि आतला कॉम्प्युटर दोघंही जीपीएसच्या लहरींजवळ गोंगाट करतात. उपग्रहाचा सिग्नल इतका क्षीण असतो की एवढ्याने तो बुडतो. ओळखायचं कसं: कॅमेरा बंद ठेवून उपग्रह मोजा, मग कॅमेरा चालू करून मोजा. १२चे ७ झाले तर कारण हेच.

वरचं झाकण उघडा. जीपीएसच्या बोर्डाखाली तांब्याची चिकटपट्टी लावा, अँटेनाच्या चौकोनापेक्षा सगळीकडून थोडी मोठी. ती ग्राउंडला जोडली तरच उपयोग; तरंगती पट्टी उलट त्रास देते. बोर्डाच्या पिनांना पट्टी टेकू नये म्हणून मध्ये कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी). चिकटपट्टीचा गोंद वीज वाहू देईलच असं नाही, म्हणून सोल्डरचा डाग द्या आणि मल्टिमीटरने तपासा, एक ओहमच्या आत यायला हवं. अँटेनाच्या वर मात्र काहीही चिकटवू नका, रंगसुद्धा नको.

याने भागलं नाही तर एम८एन जातीचा जीपीएस बोर्ड. मूळच्या जागी बसणारा घ्या, तारा कापायला लागत नाहीत. उडवण्याआधी एचडॉप (जीपीएसच्या अचूकतेचा आकडा, जितका कमी तितका चांगला) १.४च्या खाली येऊ द्या.

पत्र्याची_पेटी
जीपीएस म्हणताच गोप्रोचा कर्मा ड्रोन आठवला. २०१६मध्ये आला, जानेवारी २०१८मध्ये कंपनीने ड्रोनचा नाद सोडला. २०२० उजाडताना जगभरचे कर्मा एकदम जमिनीवर! जीपीएस आठवडे १० बिटांत मोजतो, १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. रिसीव्हरचं फर्मवेअर हे गृहीत धरत नसेल तर तारीख चुकते आणि उपग्रहांच्या जागाही चुकतात. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण कोड बंद असल्यामुळे मालकांना हात बांधून वाट बघावी लागली.

निळी_छत्री
बिचारे.

चौपंखी
@पत्र्याची_पेटी म्हणूनच सोलोचा खुला कोड मला इतका मोलाचा वाटतो. असलं काही झालं तर निदान उघडून बघता येतं.

कोरा_कागद
गिंबल थरथरतो. कॅमेरा हीरो ५ घातला तर चालेल का?

गिरकी
@कोरा_कागद नाही. सोलोचा गिंबल हीरो ३+ आणि हीरो ४ साठी. हीरो ५चा आकार वेगळा आणि जोडणीच्या जागाही वेगळ्या.

थरथरीसाठी: कॅमेरा आत बसवूनच ड्रोन चालू करा, रिकाम्या गिंबलचा तोल जातो आणि मोटर तडफडते. चालू करताना ड्रोन सपाट जागी आणि गवत गिंबलला लागत नसावं. रबरी बुशी चारही बघा, एखादी चिरली असेल तर बाकीच्या तीनसुद्धा बदला, नाहीतर एक कडक आणि तीन मऊ होतात. इतकं करून थरथर राहिली तर पंखे. बुंध्याशी केसासारखी चीर असते, पंखा हलका वाकवून उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. फेविक्विक लावून वापरू नका हो, कृपा करून.

उघडा_माळ
थरथर डोळ्यांनी ठरवू नका, लॉग बघा. ड्रोनच्या १०.१.१.१०वरच्या लॉग फोल्डरमधून ताजी फाइल उतरवा आणि मिशन प्लॅनरमध्ये व्हाइब (थरथरीचे आकडे) काढा. तिन्ही आकडे ३०च्या आत असावेत. ६०च्या वर गेले तर उंची धरताना ड्रोन भलतंच वागू शकतो. क्लिपचे (थरथर सेन्सरच्या मर्यादेबाहेर गेल्याचे) आकडे उड्डाणभर शून्यच राहिले पाहिजेत. मोटरींचे आउटपुटही एकाखाली एक लावा: तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटरी सतत बाकीच्या दोघींपेक्षा जास्त फिरत असतील तर एखादा हात किंचित पिळलाय.

मधली_सुट्टी
माझ्याकडे सोलो नाही, एआर.ड्रोन २.० आहे. त्याचे प्लास्टिकचे दाते झिजलेत. इथे विचारलं तर चालेल ना?

गिरकी
@मधली_सुट्टी चालेल की. आधी मोठ्या चाकाचे दाते बघा, मग मोटरवरचा आठ दात्यांचा छोटा. छोटा काढायला पुलर लागतो, पकडीने ओढलात तर मोटरचा दांडा वाकतो. नवा बसवताना दोन चाकांमध्ये कागदाच्या जाडीची फट सोडा. फोटो टाका, बघून सांगते.

पत्र्याची_पेटी
पिन घालून पेअर झालं!! चित्रही आलं. आता कंपासला बाहेर जातो.

तारेवरची_कसरत
@पत्र्याची_पेटी झकास. जाण्याआधी एक: ए, बी आणि पॉज एकत्र दाबून धरलं की मोटरी तत्काळ बंद होतात, हवेतसुद्धा. जमिनीवर ड्रोन उलटा होऊन फडफडायला लागला तर हेच वापरा. पंखे न लावता दोन-तीनदा सराव करून ठेवा.