वाचनालयाच्या चित्रदालनातील देणगीची चित्रे: जुन्यांची नोंद कशी करावी, नवी कोणत्या अटींवर घ्यावीत?

माणदेशी_वाचक

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट दालन आहे. गावातील वकील, अडते, इनामदार आणि शिक्षक यांच्या घराण्यांनी गेल्या तीन-चार पिढ्यांत दिलेली चाळीसेक चित्रे तेथे टांगलेली आहेत. बहुतेक तैलरंगातील व्यक्तिचित्रे आहेत. थोडी जलरंगातील निसर्गदृश्ये असून दोन-तीन पौराणिक प्रसंग आहेत. चौकटीखालच्या पितळी पट्टीवर ‘यांचे स्मरणार्थ’ म्हणून देणगीदाराचे नाव ठसठशीत कोरलेले असते, चित्रकाराचे मात्र कोठेच नसते. पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, पण चित्रांची नोंद खुर्च्या-कपाटांबरोबर जडसंग्रह नोंदवहीत झालेली आहे आणि तीही ‘फोटो मोठा, चौकटीसह, नग १’ एवढीच.

आता एक घराणे आणखी तीन चित्रे देऊ इच्छिते. ती कायम दर्शनी भिंतीवरच राहावीत आणि दालनाला घराण्याचे नाव द्यावे, अशा त्यांच्या अटी आहेत. कार्यकारी मंडळात यावर एकमत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कऱ्हाडकर

चित्रे देणाऱ्याने ती टिकण्याची सोयही दिली काय, हा प्रश्न मंडळाने प्रथम विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याच जिल्ह्यातील औंधचे उदाहरण घ्या. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ते चित्रकारांना घेऊन लेण्यांत जाऊन राहिले होते, आणि चित्रांचे काय बिघडते याची त्यांना जाण होती. म्हणूनच संग्रह वाड्यात पडू न देता त्यांनी यमाईच्या डोंगरावर त्यासाठी वेगळी इमारत बांधली आणि १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभे राहिले. रविवर्म्याची तैलचित्रे, चित्रकार धुरंधरांची शिवचरित्रावरील चित्रमाला आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्प एवढ्याशा गावात एका छपराखाली पाहायला मिळतात, ते त्या दूरदृष्टीमुळे. संस्थान विलीन झाले तरी संग्रह विखुरला नाही आणि आज तो शासनाच्या देखरेखीखाली आहे. नाहीतर कितीतरी संस्थानी वाड्यांतील चित्रे वाटण्यांत आणि लिलावांत कोठे गेली, याचा पत्ता नाही.

आपल्या वाचनालयापाशी राजा नाही, हे खरे. पण सामान्य घरांतूनही जबाबदारीने दिलेली देणगी असू शकते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत चित्रपट अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी आपली निसर्गचित्रे राहत्या घरासह शासनाला दिली. गोव्यातील सांगे येथे जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रे त्यांची कन्या एस्थर हिच्या नावाच्या न्यासामार्फत पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे आली आणि तेथे ती नीट लावलेली आहेत. या दोन्ही ठिकाणी चित्रांबरोबर ती कोणी काढली, कोठून आली, ही माहितीही आली, आणि मागाहून ती जमवणे किती अवघड असते हे आपण अनुभवतच आहात.

‘कायम दर्शनी भिंतीवर’ ही अट मात्र मुळीच स्वीकारू नये. जलरंगांना सततचा उजेड सोसत नाही, त्यांना अधूनमधून उतरवून अंधारात ठेवावेच लागते. शिवाय उद्या त्याहून चांगले चित्र आले तर ते कोठे लावणार? ‘वर्षातून काही काळ प्रदर्शित केले जाईल आणि देणगीदाराचे नाव नोंदीत व पट्टीवर राहील’ एवढे लिहून द्यावे.

बक्षीसपत्र

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. चित्र ही जंगम मालमत्ता असल्याने मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार नोंदणीकृत दस्ताने किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन बक्षीस पूर्ण होते. तरीही साध्या कागदावर का होईना, साक्षीदारांच्या सह्यांनिशी बक्षीसपत्र करून घ्यावेच. पुढच्या पिढीतील एखादा वारस ‘ते केवळ ठेवायला दिले होते’ असे म्हणत उभा राहतो, तेव्हा पितळी पट्टी फारशी उपयोगी पडत नाही. देणाऱ्याच्या मर्जीनुसार केव्हाही परत घेता येईल, अशी अट घालून दिलेले बक्षीस कायद्याने टिकत नाही, हेही त्या घराण्याला आधीच समजावून सांगावे.

शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावस्तू व कलानिधींविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. दालनातील चित्रांची छायाचित्रे पुस्तिकेत छापायची असतील तर स्वामित्वहक्क पाहावा लागेल. तो साधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, पण मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. आपल्या संग्रहात बहुतेक व्यक्तिचित्रेच असल्याने छापण्याची परवानगीही बक्षीसपत्रातच लिहून घेणे सोयीचे.

माणदेशी_वाचक

दोघांचेही आभार. एक भर घालतो. पौराणिक चित्रांपैकी एक ‘रविवर्म्याचे अस्सल’ म्हणून गावात प्रसिद्ध आहे, आणि देणाऱ्या घराण्यातील ज्येष्ठांचीही तशीच श्रद्धा आहे. त्यावर काय करावे?

कृष्णाकाठ

प्रथम एक भिंग घ्या आणि चेहऱ्याच्या गालापाशी लावा. रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी दिसले आणि कुंचल्याचा फराटा कोठेच सापडला नाही, तर तो ओलिओग्राफ, म्हणजे शिळेवरून छापलेला कागद आहे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथील लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातील देवघरांत व दिवाणखान्यांत जाऊन बसल्या. कित्येकांवर वार्निश चढवलेले असते, काहींवर तर कापडासारखी वीण उठवलेली असते, त्यामुळे दुरून फसगत होते. ते छापील निघाले तरी काढून टाकू नये. शतकापूर्वी आपल्या गावात कोणत्या घरी काय टांगले जात होते, याचा तो पुरावा आहे. मात्र पट्टीवर ‘छापील प्रत’ असे स्वच्छ लिहावे, आणि ज्येष्ठांना आधी घरी जाऊन सांगावे. सभेत सांगू नये.

नोंदीचे काम मागच्या बाजूने सुरू करा, असा माझा आग्रह राहील. चित्र उतरवून पालथे करा आणि कापडाचे, आतल्या लाकडी चौकटीचे, चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे छायाचित्र घ्या. आयात कापडावर विलायती रंगविक्रेत्याचा शिक्का असतो, कोठे चौकट करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी असते, कोठे पेन्सिलीने चित्रकाराचे नाव आणि साल. कोल्हापूरच्या चित्रकारांची व्यक्तिचित्रे आसपासच्या गावांतील घरांत आढळतात, त्यामुळे खालच्या कोपऱ्यातील सही वार्निशाच्या काळपटपणाखाली दडलेली आहे काय, हे तिरप्या उजेडात अवश्य पाहावे. पाहावे, पुसू नये! बटाट्याची फोड, जवसाचे तेल, ओले फडके, यांपैकी काहीही चित्राला लावू नका. स्वच्छतेचे काम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांचे आहे.

पावसाळ्यापूर्वी एक गोष्ट मात्र आपण आजच करू शकता. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि कापड यांत हवा खेळती राहील आणि बुरशी धरणार नाही.

गणेशपेठ

कऱ्हाडकरांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, पण देणगीदाराच्या नावाकडे आपण सगळे जरा नाक मुरडून पाहत आहोत, असे वाटले. तालुक्याच्या गावात चित्रखरेदीसाठी निधी कोणापाशी असतो? आजोबांचे नाव भिंतीवर राहील, या हौसेपोटीच ही चाळीस चित्रे जमली. ती हौस नसती तर त्यांतील निम्मी माळ्यावर वाळवीने खाल्ली असती. त्या व्यक्तिचित्रांचे गावाच्या दृष्टीने मोल चित्रकलेइतकेच त्यांतील माणसांतही आहे. पागोटे कसे बांधले आहे, उपरण्याचा काठ कोणता, हाती पोथी आहे की घड्याळाची साखळी, यांतून कोणत्या पिढीत कोणता धंदा वर आला हे दिसते. देणाऱ्या कुटुंबातील वृद्धांना दालनात बसवून प्रत्येक चित्राविषयी बोलते करावे आणि ते लिहून घ्यावे. हे काम कोणताही बाहेरचा तज्ज्ञ करू शकणार नाही.

दालनाला नाव देण्याची अट मलाही पटत नाही, कारण इतर घराण्यांचा त्यात वाटा आहे. त्याऐवजी त्या घराण्याने एक छोटी ठेव ठेवावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी एका चित्राची निगा व्हावी, असे सुचवून पाहावे.

कऱ्हाडकर

ठेवीची सूचना उत्तम आहे आणि नावाविषयीचा आक्षेपही मान्य. तर मग प्रत्येक चित्राला पुस्तकांप्रमाणे स्वतंत्र दाखल क्रमांक द्यावा, आणि नव्या पट्टीवर चित्रकार, चित्रातील व्यक्ती, माध्यम, काळ व देणगीदार ही पाचही नावे-तपशील सारख्याच अक्षरांत लिहावेत. चित्रकार ठाऊक नसेल तेथे ‘अज्ञात’ लिहावे. रकाना रिकामा ठेवला की पुढचा माणूस अंदाजाने भरतो. जुनी पितळी पट्टी काढू नये, कारण तीही आता त्या चित्राच्या इतिहासाचा भाग आहे. फक्त ती चौकटीच्या मागे न लावता खालीच राहू द्यावी आणि नवी पट्टी भिंतीवर लावावी.