मत, अभिप्राय, शेरा, ग्रह

प्रश्न : 'कामाची वेळ संपल्यावर साहेबांचा फोन उचलावा का? आपला अभिप्राय द्या' असं एका ठिकाणी वाचलं. मला तिथे 'मत' हवं होतं, पण का ते सांगता येईना. कोशात तर दोन्ही एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात. फरक आहे का?

उत्तर : आहे. अभिप्राय बहुधा मागवला जातो, आणि समोर ठेवलेल्या एखाद्या गोष्टीवर : लेख, पुस्तक, प्रस्ताव. कचेरीतली फाईल 'अभिप्रायासाठी सादर' होते, 'मतासाठी' नाही. मत मात्र कुणी मागायची वाट बघत नसतं. फोन उचलावा का, हा भूमिकेचा प्रश्न झाला, तिथे मतच शोभतं. (अभिप्राय आणि अभिप्रेत ही सख्खी भावंडं. संस्कृतात अभिप्राय म्हणजे हेतू, मनातला आशय. 'लेखकाला अभिप्रेत अर्थ' म्हणताना तोच अर्थ डोकावतो.)

आणखी एक उत्तर : मला क्रियापदं जास्त बोलकी वाटतात. मत बनतं, मांडलं जातं, बदलतं. शेरा मारतात, ताशेरे ओढतात आणि ग्रह करून घेतात. हे 'करून घेणं' पाहा, जबाबदारी थेट घेणाऱ्यावर! वेळेवर घरी निघणाऱ्याला 'कामचुकार' म्हणणं हे मत नव्हे, शेरा. त्याचं काम न पाहताच म्हटलं असेल, तर शेऱ्यामागे ग्रह आहे.

प्रश्नकर्ता : मग 'तो मोठ्या सामन्यात खेळतच नाही' हे काय?

उत्तर : धावा पाहून म्हणत असाल तर मत, नाहीतर ग्रह. पण क्रिकेटमधलं खरं बेरकी उदाहरण 'मंकडिंग'. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी, चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. नियमात बसत होतं. प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनीही मंकड यांचीच बाजू घेतली. तरी नाव चिकटलं, तेही क्रीज सोडणाऱ्याचं नाही, बाद करणाऱ्याचं. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने हे कलम 'अनुचित खेळा'च्या नियमातून काढून 'धावबाद'च्या नियमात घातलं. 'धावबाद' म्हणा, मग मत मांडायला जागा उरते. 'मंकडिंग' म्हटलंत की निकाल देऊन झाला.

प्रश्नकर्ता : आणि 'समाजाचं मत'?

उत्तर : हा प्रयोग मला पटत नाही. जनमत म्हणा, ते निदान अजमावता येतं. 'लोक काय म्हणतील' मधल्या लोकांना कुणी कधी विचारलेलं नसतं. त्याला जुना, नेमका शब्द आहे : लोकापवाद. त्यात निंदा गृहीतच आहे.

अवांतर : कामाच्या संदर्भात हल्ली सगळे 'बाउंड्री ठेवा' म्हणतात. क्रिकेटात सीमारेषा आहे, इथे काय म्हणावं? मर्यादा?

उत्तर : 'मर्यादा' म्हटलं की ती पाळायचं ओझं बोलणाऱ्यावरच येतं. हद्द बरी, ती दुसऱ्याने ओलांडायची नसते.

यावर : हद्द म्हटलं की मला पोलीस ठाणं आठवतं. मर्यादाच राहू दे, कर्ता बदला : 'साहेबांनी मर्यादा पाळावी.'