रताळी घाईत शिजवू नका

शरद ऋतूत ऊब हवी म्हणून तिखट-मसालेदार खावं, असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकामुळे उष्णता जाणवते खरी, पण जाणवणं वेगळं आणि शरीरात खरंच उष्णता तयार होणं वेगळं. प्रथिनांचं तसं नाही. त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा पचनातच खर्च होते आणि तिची उष्णता होते, म्हणून डाळीचं दाट गरम सूप पोटाला जास्त वेळ साथ देतं.

मला मनापासून सांगायचंय ते रताळ्यांबद्दल. कृपया मायक्रोवेव्हमध्ये उरकू नका! साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात रताळ्यातलं एन्झाइम स्टार्चची माल्टोज साखर करतं, त्याला वेळ मिळायला हवा. अख्खं रताळं सालासकट मंद ओव्हनमध्ये तासभर ठेवा. साल सुरकुततं, चिरेतून चिकट पाक पाझरतो आणि ट्रेवर काळपट होतो. तो दिसला की समजा, झालं. वरून साखर लागतच नाही.

लाल भोपळा आणि गाजर शिजवताना थोडं तेल किंवा लोणी घालाच, त्यांतलं बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य स्निग्धाशिवाय अंगी नीट लागत नाही. आणि गाजरं थंडी पडल्यावर काढलेली मिळाली तर सोडू नका, गारठ्यात ती स्टार्चची साखर करतात, चवीत लगेच कळतं.