मेकॉलेच्या नावाने अजून किती गळे काढणार?

कट्ट्यावरचा खडू
काल सोसायटीच्या ग्रुपवर तेच जुनं मढं पुन्हा फिरलं. २ फेब्रुवारी १८३५ ला इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कर्ता मेकॉले म्हणे ब्रिटिश संसदेत बोलला, की मी भारतभर हिंडलो, एक भिकारी दिसला नाही की एक चोर दिसला नाही, यांचा कणा मोडायचा तर यांचं शिक्षण मोडा. खाली ‘म्हणून आपली गुरुकुलं बुडाली, पुढे पाठवा’. मी उत्तर दिलं तर ॲडमिनने ‘राजकारण नको’ म्हणून तेच उडवलं. म्हणून इथे लिहितोय.

अहो, त्या तारखेला हा गृहस्थ कलकत्त्यात होता. १८३४ च्या जूनमध्ये मद्रासला उतरला, १८३८ ला परत गेला. संसदेत भाषण काय तारेने केलं? त्या तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण मात्र अस्सल आहे आणि भरपूर उर्मट आहे. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ म्हणे हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं. शिव्या द्यायला तेवढं पुरे नाही का?

आणि मुंबई इलाख्यात गोष्ट वेगळीच घडली. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळापासून इथे प्राथमिक शाळा मराठी-गुजरातीतून. पुढे बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीसाठी अडून बसले, तेव्हा मराठीच्या बाजूने भांडले ते जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस. मराठी शाळा बुडाल्याच असतील तर त्या आपण बुडवल्या, गेल्या तीस वर्षांत, आपल्या पोरांना इंग्रजी माध्यमात घालून.

सह्यगिरी
भाषण बनावट आहे, ठीक. हे शंभरदा सांगून झालंय, तुम्ही काही नवा शोध लावलेला नाही. पण त्या आडून ‘इंग्रजांआधी इथे काही नव्हतंच’ हे खपवू नका. मद्रास इलाख्यात गव्हर्नर मन्रोने १८२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यातून शाळांचे आकडे मागवले. इतिहास संशोधक धर्मपालांनी ते छापले १९८३ मध्ये. तमिळ भागात शाळेतली बहुसंख्य मुलं शूद्र आणि त्याखालच्या जातींची होती. तुमच्या लाडक्या मुंबई इलाख्यातही प्रेंडरगास्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८२१ मध्ये लिहून ठेवलंय की शाळा नाही असं गाव क्वचितच सापडेल. पंतोजीच्या शाळेतला पोरगा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायचा आणि मोडी लिपीत खतावणी लिहायचा. आजचा दहावीवाला सव्वा सातचा हिशेब मोबाईलवर करतो.

गोदाकाठची
दादा, त्याच मन्रोच्या तक्त्यांत मुलींचा रकाना बघितलात का? मलबारसारखा एखादा भाग सोडला तर नावापुरताच. १८४८ मध्ये सावित्रीबाई भिडे वाड्यात शिकवायला निघाल्या तेव्हा गावोगावच्या त्या पंतोजींपैकी कितीजण आडवे आले नाहीत, ते सांगा.

आणि खडू, तुम्हीही एल्फिन्स्टनला फार डोक्यावर घेऊ नका. खालच्या जातींची मुलं सगळ्यांत हुशार निघतात हे त्याला मिशनऱ्यांकडून कळलं होतं, तरी त्यांना विशेष उत्तेजन नको म्हणाला, कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर इतर लोक शिवणार नाहीत. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत महार मुलाला प्रवेश मिळाला नाही, तेव्हा धारवाडही तुमच्याच मुंबई इलाख्यात होतं. माझी आजी तर याच्या कितीतरी नंतरची. शाळेच्या ओट्याखाली बसून आतलं ऐकायची. पाढे तिलाही पाठ होते. दाखला कुठून आणणार?

बालाघाटी
मुंबई, मद्रास, कलकत्ता. झालं? मराठवाडा नकाशावर आहे ना? आमच्याकडे मेकॉले पोचलाच नाही. निजामाच्या राज्यात माझे आजोबा उर्दूतून शिकले, भूगोलसुद्धा उर्दूतून. मराठीतून शिकायचं तर हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा नाहीतर अंबाजोगाईची योगेश्वरी, आणि तिथल्या मास्तरांवर पोलिसांची नजर. स्वामी रामानंद तीर्थ आधी हेडमास्तर, मग हैदराबाद मुक्तिलढ्याचे पुढारी. पुण्यात बसून शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे पान लागतच नाही.

खतावणी
कुणीतरी मोडीचं नाव काढलं म्हणून बोलतो. खरा घात तिथे झाला. बालबोध म्हणजे देवनागरी, छापायला सोपी म्हणून पुस्तकांत ती आली, मोडी दफ्तरात उरली, आणि स्वातंत्र्यानंतर शाळेतूनही हाकलली. आता आमच्या वाटणीचे कागद आमच्याच घरात कुणाला वाचता येत नाहीत. एका वाचकाने पानाला पाचशे घेतले आणि ‘अस्पष्ट आहे’ लिहून दिलं.

कट्ट्यावरचा खडू
मोडी छापता येत नव्हती हे कुणी सांगितलं? विल्यम कॅरीने सेरामपूरला १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनीच छापला. आणि विषय तो नाही.

खतावणी
तोच आहे. २०२३ मध्ये शिंदे समिती मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं सरकारला. एक लिपी शाळेतून काढली आणि लोकांचे हक्क कपाटात अडकले.

सह्यगिरी
आता आरक्षण आणू नका इथे.

खतावणी
का? तुमच्या गुरुकुलात चालत नाही?

सह्यगिरी
मी ‘गुरुकुल’ एकदाही लिहिलेलं नाही. वर जाऊन वाचा. वाचता येत असेल तर.

गोदाकाठची
पुरुषमंडळी, पाणी प्या.

विनाअनुदानित
१८३५ वर एवढं भांडताय, मी १९८३ वर बोलतो. मुख्यमंत्री वसंतदादांनी विनाअनुदान तत्त्वावर, म्हणजे सरकारी पैशाशिवाय, कॉलेजं उघडू दिली, मग ते लोण खाली शाळांपर्यंत आलं. मी बी.एड. करून अशाच एका शाळेत लागलो. वर्षानुवर्षं फुकट शिकवलं, मग सरकारी अनुदानातून वीस टक्के पगार सुरू झाला. सोयरिकीला गेलो की मुलीचा बाप विचारायचा, ‘वीस टक्के म्हणजे नेमकं किती?’ फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं, शेतकऱ्यांतून शिक्षक तयार करा आणि त्यांना नीट पगार द्या म्हणाले. पहिलं मिळालं, दुसरंही मिळालं, मी शेतकऱ्याचाच आहे. तिसऱ्याचं बघा कुणाला जमलं तर.

कट्ट्यावरचा खडू
सर, हे पटलं. पण सक्तीचं शिक्षण इंग्रजांनी दिलं नाही. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या बडोद्यात नेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात हुकूम काढला. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं बिल मात्र कलकत्त्यात पडलं.

सह्यगिरी
म्हणजे इंग्रज सरकारने पाडलं आणि देशी राजांनी केलं. पहिल्या प्रतिसादापासून मी निराळं काय म्हणतोय? आता एवढं कबूल केलंच आहे तर ॲडमिनची माफी मागून या ग्रुपवर.

कट्ट्यावरचा खडू
देशी राजांनी केलं, पंतोजींनी नाही. आणि अमरेलीतल्या त्या शाळांत मुलींनाही सक्ती होती. प्रेंडरगास्टच्या गावोगावच्या शाळांत होती का, तेवढं सांगा, मग माफीचं बघू.

बालाघाटी
मराठवाड्यावर अजून एकही प्रतिसाद नाही. नोंद घेतली आहे.